पहाटे झोपमोड करणाऱ्या मांजरीचे काय करावे?

जळगावच्या प्रश्नकर्त्यांची तक्रार अशी की, त्यांची दोन वर्षांची मांजर पहाटे चारला अंगावर उड्या मारते आणि वाटीत खाणे पडेपर्यंत ओरडत राहते.

मांजर हा मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकार करणारा प्राणी असल्यामुळे त्या वेळी तिचे जागे होणे ही खोड नव्हे. मात्र ओरडल्याबरोबर उठून तिला खाऊ घालणे ही सवय आपणच लावलेली असते. त्यातून खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की ती दिवसभर गार फरशीवर नाहीतर कूलरसमोर पसरून झोपते, आणि मग रात्री तिला उत्साह येतो.

म्हणून रात्री झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे तिला दोरीला बांधलेल्या चिंधीमागे भरपूर पळवावे (खेळ झाल्यावर दोरी उचलून ठेवावी, कारण मांजरी ती गिळतात) आणि लगेच दिवसातले शेवटचे भरपेट जेवण द्यावे. शिकार, जेवण, अंग चाटणे आणि झोप हा तिचा स्वाभाविक क्रम आहे. पहाटेच्या ओरडण्याला रागावूनही प्रतिसाद देऊ नये. सुरुवातीला आरडाओरडा वाढेलच. पण तेव्हा कंटाळून उठलात, तर जास्त ओरडले की मिळते, एवढेच ती शिकेल. सकाळचे खाणेही उठल्याउठल्या न देता थोडे उशिरा द्यावे.

नसबंदी झालेली नसेल, तर माजावर आलेली मांजर रात्रभर ओरडते, आणि त्यावर नसबंदी हाच खरा उपाय आहे. म्हातारी मांजर अचानक रात्री ओरडू लागली, तर मात्र थायरॉइड, रक्तदाब किंवा सांधेदुखीची शक्यता असल्याने आधी पशुवैद्यांना दाखवावे.