तीन डर्ट बाईक चोपड्याहून नाशिकला स्वस्तात कशा न्यायच्या?

भाऊ, तुमचा प्रश्न असा: तिघा मित्रांच्या तीन बाईक, त्यांत दोन हिरोच्या एक्सपल्स 200 आणि एक नंबर नसलेली, म्हणजे नोंदणी न झालेली कावासाकी केएलएक्स 140, चोपड्याहून नाशिकला दोन दिवसांच्या ऑफ-रोड ट्रेनिंगला न्यायच्या आहेत. पॅकर्सवाले दर बाईकमागे सांगतात तो आकडा परवडत नाही, मग स्वस्त काय? मी अमळनेरचा. नाशिक-पुण्याकडे बाईक न्यायची वेळ आमच्यावर दरवर्षी दोन-तीनदा येते, त्यामुळे जे करून पाहिलंय तेवढंच सांगतो.

आधी दर बाईकमागे भाव विचारणं सोडा. पिकअपवाल्याच्या डोक्यात बाईकचा हिशोब नसतोच, त्याच्या डोक्यात फेरीचा हिशोब असतो. धुळ्यात एका ड्रायव्हरदादांनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं: "रिकामी गाडी बी तितलंच डिझेल खास, भाऊ." म्हणजे रिकामी गाडीही तेवढंच डिझेल खाते. तुम्ही चोपड्यातली पिकअप ठरवली तर ती तुम्हाला नाशिकला सोडून रिकामी परत येणार, दोन दिवसांनी रिकामी जाणार आणि बाईक भरून पुन्हा येणार. म्हणजे चार फेऱ्या, त्यांतल्या दोन रिकाम्या, आणि चारही तुमच्या खिशातून. नाहीतर ती तिथेच दोन रात्री उभी राहणार आणि तुम्ही हॉल्टिंग भरणार. चोपडा-अमळनेर-धुळे-मालेगाव-नाशिक हे अंतर साधारण 240 किमी धरा, पिकअपचं ॲव्हरेज लिटरला 12 धरा, म्हणजे एका फेरीला 20 लिटर डिझेल. लिटरला 90 रुपये धरले तर एक फेरी 1,800 ची, चार फेऱ्या 7,200 च्या. टोल, ड्रायव्हरचा भत्ता आणि मालकाचा नफा त्यावर वेगळा.

म्हणून जाताना एक आणि येताना दुसरी अशा दोन परतीच्या गाड्या शोधा. जी गाडी तुमच्याशिवायही त्या दिशेने जाणारच होती, तिच्या मालकाला तुम्ही दिलेला पैसा वरकमाई असतो. अशा गाडीशी बोलताना मी एका फेरीच्या डिझेलपासून सुरुवात करतो आणि त्याच्या दीडपट-पावणेदोनपटीला थांबतो. तेवढे तिघांत वाटले की पॅकर्सच्या आकड्याशी तुलनाच उरत नाही.

ती गाडी ओळखायची कशी? नंबरप्लेटवरून. जाताना तुम्हाला आपल्याकडे उभी असलेली नाशिकची, म्हणजे एमएच 15 ची पिवळ्या प्लेटची पिकअप हवी. किराणा, हार्डवेअर, औषधं, रोपं असं काहीतरी इकडे उतरवून ती परत निघालेली असते. जळगावच्या एमआयडीसीत अशा गाड्या सापडतात, पण तिथे डाळ, पाईप, चटया असा परतीचा मालही मिळतो, त्यामुळे त्या थोड्या ताणून धरतात. चोपडा, अमळनेर, शिरपूर या गावांत माल उतरवलेल्या गाडीला परतीचं भाडं सहसा मिळत नाही, तिथे ती ऐकते. दुकानदाराला दोन दिवस आधी सांगून ठेवा, "नाशिकहून तुमचा माल घेऊन कोण येतं, त्याचा नंबर द्या." मला बहुतेक गाड्या दुकानदारांकडूनच मिळाल्या आहेत.

येताना उलट. आता तुम्हाला नाशिकात उभी असलेली जळगावची एमएच 19 किंवा धुळ्याची एमएच 18 शोधायची आहे. आपल्याकडून भाजीपाला, केळी, मिरची घेऊन गेलेल्या गाड्या पहाटे बाजारात माल उतरवतात आणि बऱ्याचदा रिकामे क्रेट घेऊन परततात. क्रेट एकात एक रचले की पुढचा निम्मा हौदा मोकळा राहतो, पण तीन बाईकना तेवढा पुरत नाही, तेव्हा "क्रेट आहेत का, किती?" हे फोनवरच विचारा. आणि ट्रेनिंग रविवारी दुपारी संपत असेल तर पहाटेची गाडी तुमच्यासाठी दुपारपर्यंत थांबणार नाही. सोमवारी सकाळी निघायची तयारी ठेवा. एका रात्रीचा मुक्काम वेगळ्या फेरीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

तुमच्या तिन्ही बाईकचं वजन हा प्रश्नच नाही. एक्सपल्स 160 किलोच्या आसपास, केएलएक्स 100 च्या आसपास, म्हणजे सगळं मिळून सव्वाचारशे किलो. प्रश्न आहे रुंदीचा. एक्सपल्सचं हँडल साधारण 85 सेंटीमीटर रुंद आहे आणि बाईकची लांबी 2.2 मीटर. छोटा हत्तीचा (टाटा एस) हौदा साधारण 2.2 बाय 1.5 मीटर असतो, त्यात दोन बाईक जेमतेम बसतात, तिसरी विसरा. बोलेरो पिकअपचा मोठा हौदा नऊ फुटांचा आणि 1.7 मीटर रुंद. त्यात कडेच्या दोन बाईक तोंड पुढे करून आणि मधली तोंड मागे करून लावल्या की हँडल एकमेकांत अडकत नाहीत. मधली तुमची केएलएक्स ठेवा, हलकी आहे, शेवटी चढवायला आणि आधी उतरवायला सोपी.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ते. भाड्यात वाचलेल्या पैशांतले काही पैसे बाईक बांधायच्या रॅचेटच्या, म्हणजे खटक्याने आवळायच्या कापडी पट्ट्यांवर खर्च करा. माझ्या पहिल्या खेपेला आम्ही नायलॉनच्या दोरीने दोन बाईक बांधल्या, साइड स्टँडवर उभ्या करून, घट्ट वाटल्या म्हणून निघालो. पारोळ्याच्या अलीकडे ड्रायव्हरने आरशात पाहिलं तर एक बाईक दुसरीवर झोपलेली. क्लच लिव्हर तुटलं, टाकीला पोचा आला, आणि मित्राच्या बाईकचं ते नुकसान भरताना भाड्यात वाचवलेलं सगळं गेलं. मित्राने एक शब्द काढला नाही, ते जास्त लागलं.

असं का होतं ते नीट समजून घ्या. पिकअपचे पाटे (चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगा) टनाहून जास्त मालासाठी बनवलेले असतात. सव्वाचारशे किलोला ते दबतच नाहीत, त्यामुळे हौदा प्रत्येक गतिरोधकावर उडतो. त्यात बाईकचे शॉकॉब्झर स्वतः खालीवर होतात. शॉकॉब्झर दबला की दोरी क्षणभर सैल पडते, आणि नायलॉन ताणला जाणारा असल्यामुळे गाठ हळूहळू सरकते. साइड स्टँडवर तर सगळं वजन एका पायावर. म्हणून स्टँड वर घ्यायचा, पुढचं चाक हौद्याच्या पुढच्या पत्र्याला टेकवायचं, गिअर टाकायचा, आणि पुढच्या दोन पट्ट्यांनी शॉकॉब्झर अंदाजे निम्मा दाबून बाईक खाली ओढून धरायची. दाबलेली स्प्रिंग पट्टीला सतत ताणून ठेवते, सगळी मेख इथेच आहे. पट्टी हँडलच्या टोकाला बांधू नका, हँडल फिरतं नाहीतर वाकतं. हँडलखाली शॉकॉब्झर जिथे पकडलेले असतात त्या जाड क्लॅम्पभोवती मऊ कापडी फास घालून तिथून दोन्ही बाजूंना खाली आणि पुढे, साधारण 45 अंशांत ओढा. मागच्या चाकाला दोन पट्ट्या फक्त डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून, त्या जोर लावून आवळायच्या नाहीत. तोंड मागे केलेल्या मधल्या बाईकचं पुढचं चाक बंद फाळक्याला टेकतं. फाळक्याची कडी ढिली असेल तर ती तारेने आवळून घ्या.

रॅचेटच्या पट्टीत एक धोका आहे. खटके मारत गेलं की माणसाला भान राहत नाही आणि शॉकॉब्झर पूर्ण तळाला बसतो. तसाच तो पाच-सहा तास राहिला आणि वर खड्डे लागले की ऑइल सील गळायला लागतं. यावर साधा उपाय आहे. पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये लाकडी ठोकळा बसवायचा, म्हणजे ठरावीक दाबापुढे शॉकॉब्झर जातच नाही. ठोकळ्याची उंची बाईक थोडी दाबून मोजा आणि सुताराकडून कापून घ्या, वर-खाली जुन्या ट्यूबचा तुकडा ठोका. मडगार्ड पातळ असेल तर ठोकळा वापरू नका, फुटेल. मग पट्टीच हात राखून आवळा. तीन बाईकना बारा पट्ट्या लागतात. एकदा घेतल्या की वर्षानुवर्षं टिकतात. उन्हात टाकून ठेवू नका एवढंच, आपल्या मे महिन्यात कापड कुजतं.

निघाल्यावर पहिल्या पंधरा किलोमीटरवर थांबून सगळ्या पट्ट्या पुन्हा तपासा. पहिला ढिलेपणा तिथेच येतो. पुढे धुळ्याला चहाला थांबाल तेव्हा परत एकदा.

चढवायला हौद्याची उंची अडीच-तीन फूट असते. दोन इंच जाडीची, आठ फूट लांबीची फळी पुरते, पण तिचं वरचं टोक फाळक्याच्या कडीला बांधाच, नाहीतर मागचं चाक फळीवर येताच ती मागे सरकते. त्याहून सोपं म्हणजे शेताच्या बांधाला किंवा जिनिंगच्या ओट्याला पिकअप मागे लावायची. बाईक सरळ आत ढकलता येते, फळीची गरजच नाही. इंजिन चालू करून फळीवरून चढवण्याच्या भानगडीत पडू नका. तिघे आहात, दोघे बाजूने आणि एक मागून.

पेट्रोल टाकीत थोडंच ठेवा. केएलएक्सला कार्ब्युरेटर आहे, तिचा पेट्रोल कॉक बंद करायला विसरू नका, नाहीतर हिंदकळून ओव्हरफ्लो होतो आणि सगळा हौदा वास मारतो.

बाकीचे पर्यायही विचारात घ्या. एक्सपल्स रस्त्यावर चालवण्याच्याच आहेत, त्यामुळे दोघांनी चालवत जायचं आणि फक्त केएलएक्स छोटा हत्तीत टाकायची, हे कागदावर स्वस्त दिसतं. टायर कंपनीचे असतील तर जाताना चालेल. नॉबी, म्हणजे मातीसाठीचे मोठ्या गुठळ्यांचे टायर असतील तर 240 किमी डांबरावर ते झिजवून तुम्ही ट्रेनिंगचे टायर संपवता. आणि येताना हात-खांदे भरून आलेले, कदाचित लिव्हर वाकलेलं, अशा वेळी रात्री मालेगाव-धुळे रस्ता धरू नये, हे माझं ठाम मत आहे. केएलएक्स मात्र एक किलोमीटरही रस्त्यावर चालवू नका. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही.

रेल्वे पार्सल लांबच्या आणि एकट्या बाईकसाठी चांगलं, बंगळूर किंवा दिल्लीला पाठवायची असेल तर मी भुसावळहूनच पाठवेन, कारण लहान स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते आणि तेवढ्यात बाईक चढत नाही. टाकी पूर्ण रिकामी लागते, गोणपाटात बांधणी लागते, आरसी मागतात. नंबर नसलेल्या बाईकसाठी खरेदीचं बिल दाखवून चालेल का हे पार्सल ऑफिसात आधी विचारून या. नाशिकसाठी हा सगळा खटाटोप करण्यात अर्थ नाही, दोन्ही टोकांना छोटा हत्ती करावाच लागतो. ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत साधी बाईक जाते, पण आपल्या बाईक उंच, आडव्या पाडल्याशिवाय मावत नाहीत. आडवी बाईक पेट्रोल सांडते आणि वर माणसं झोपलेली असतात. मी ते कधीच करणार नाही, तुम्हीही करू नका. कारमागे ओढायचा ट्रेलर बनवून घ्यावा असं कुणी सुचवेल, पण कायद्याने ट्रेलर हेही मोटार वाहनच, त्याची स्वतःची नोंदणी लागते. वर्षातून दोन खेपांसाठी परवडत नाही.

शेवटचं बसण्याचं. एकाने ड्रायव्हरशेजारी केबिनमध्ये बसावं. मालवाहू गाडीच्या विम्यात मालासोबत जाणारा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी धरलेला असतो, 1994 च्या दुरुस्तीपासून तशी तरतूद आहे. मागे बाईक धरून बसलेल्या माणसाला ते संरक्षण मिळत नाही, आणि ज्याला पट्ट्यांवर विश्वास नाही तोच मागे बसतो. उरलेल्या दोघांनी एसटीने जावं. निघण्यापूर्वी गाडीच्या नंबरप्लेटचा, ड्रायव्हरच्या लायसनचा आणि चारही बाजूंनी बाईकचे फोटो काढा, ठरलेली रक्कम व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, निम्मे पैसे उतरल्यावर द्या. पूर्ण पैसे आधी मागणारी गाडी सोडून द्या, दुसरी मिळते.

माझ्याकडे एक्सपल्सच्या मापाचे बाभळीचे दोन ठोकळे पडून आहेत. तुमचा रस्ता अमळनेरवरूनच आहे. आदल्या दिवशी मेसेज टाका, स्टँडजवळ आणून देतो. परत येताना द्या.