पहिलाच पूल आणि तोही तिरपा

प्रश्न : सर्वेअरचा आयटीआय करून मी रस्त्याच्या कामावर लागलो. आतापर्यंत लेव्हल घेणं आणि रस्त्याची सेंटर लाइन देणं एवढंच केलं. आता उमरेड रोडच्या बाजूला एका नाल्यावर तीन गाळ्यांचा पूल आहे, स्क्यूमध्ये, म्हणजे त्याचे आधार रस्त्याला काटकोनात नाहीत, तिरपे आहेत. सीनियर दुसऱ्या साइटवर गेले. ड्रॉइंग आणि कोऑर्डिनेटची एक्सेल शीट देऊन म्हणाले, ‘सोमवारी पाइलिंगची रिग (पायाचे खोल खांब, म्हणजे पाइल, घालायचं यंत्र) येते, पॉइंट देऊन ठेव.’ टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजायचं यंत्र) चालवता येतं, पण पायर (पुलाचा मधला आधार) चुकीच्या जागी उभा राहिला तर? सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : सुरुवात साइटवर नाही, घरी कर बाबू. एक्सेल शीट बाजूला ठेव आणि फक्त ड्रॉइंग पुढ्यात घे. चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर), सेंटर लाइनची दिशा आणि स्क्यूचा कोन घेऊन प्रत्येक पायरचे कोऑर्डिनेट स्वतः काढ, मगच शीट उघडून ताडून बघ. शीट कोणीतरी घाईत बनवलेली असते. तिच्यातलेच आकडे मशीनमध्ये भरलेस तर चुकीचा पॉइंटही मशीन अगदी बिनचूक देईल.

ड्रॉइंग वाचताना दोन जागी थांब. पहिली, चेनेज नेमकं कशाचं लिहिलंय? पायरच्या मध्याचं, एक्स्पान्शन जॉइंटचं (दोन गाळ्यांमधल्या फटीचं) की बेअरिंगच्या (गर्डर ज्यावर टेकतो त्या उशीच्या) रेषेचं? अबटमेंटला (काठावरच्या शेवटच्या आधाराला) तर पाइल कॅपचा (पाइलांच्या डोक्यावरच्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा) मध्य बेअरिंगच्या खाली सहसा नसतोच, तो पुढेमागे असतो. दुसरी जागा म्हणजे स्क्यू. कोन सेंटर लाइनपासून मोजलाय की तिच्यावरच्या लंबापासून, हे बघ. एकजण ७० लिहितो, दुसरा त्यालाच २० म्हणतो.

आणि स्क्यू उलटा पडला, म्हणजे डावीकडे झुकायचा तो उजवीकडे झुकला, तर सेंटर लाइनवर सगळे गाळे तरीही बरोबर भरतात. म्हणूनच ही चूक लपून राहते. समज, गाळा २० मीटरचा, पायरची लांबी १२ मीटर आणि स्क्यू लंबापासून २० अंश. शेजारच्या दोन पायरची चार टोकं जोडलीस तर कर्ण येतात २६.६११ आणि १९.४८९ मीटर. स्क्यू उलटला तरी आकडे हेच राहतात, फक्त कर्णांची अदलाबदल होते. तेव्हा लांब कर्ण कोणत्या टोकापासून कोणत्या टोकाला जातो हे आधीच कागदावर काढून ठेव आणि साइटवर टेप लावून बघ. मिस्त्री गुण्या लावून दोन्ही कर्ण सारखे करायला निघेल, त्याला वेळीच आवर. मग नाल्यात उतरून उभा राहा. पायरची रेषा पाण्याच्या धारेला आडवी जात असेल तर रिग थांबव आणि फोन कर.

आता कंट्रोल पॉइंट, म्हणजे ज्यांच्यावरून बाकी सगळं मोजायचं ते पक्के बिंदू. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यात ठोकलेली खुंटी जागेवर राहत नाही. मुरूम लागेपर्यंत खणून काँक्रीटमध्ये सळई बसव. दोन्ही काठांवर दोन दोन, टिप्परच्या वाटेपासून दूर. हे पॉइंट जीपीएसने घेतले असतील तर ग्रिड कोणती ते विचार. यूटीएम या जागतिक नकाशा-ग्रिडच्या आपल्या ४४ क्रमांकाच्या झोनची मधली रेषा ८१ अंशांवर आहे. तिथून साधारण १८० किलोमीटरवर ग्रिडचं आणि जमिनीवरचं अंतर जवळपास जुळतं, आणि नागपूर त्याच सुमाराला बसलंय. उमरेडकडेही १०० मीटरला फरक सेंटिमीटरच्या आत राहतो. पण हा फरक सोडून द्यायची सवय घेऊन वर्ध्याला गेलास तर १०० मीटरला तीन सेंटिमीटर चुकतात.

पॉइंट देताना एका काठावरून दे, तपास दुसऱ्या काठावरून कर. ज्या स्टेशनवरून दिला त्याच स्टेशनवरून तपासलास तर तो जुळणारच, त्यात तपासलं काय? काम संपल्यावर बॅकसाइट, म्हणजे सुरुवातीला दिशा ज्यावर लावली तो पॉइंट, पुन्हा बघ. ट्रायपॉड हलला असेल तर तिथेच कळेल.

रिग आली की तुझी मधली खुंटी पहिल्या पाच मिनिटांत जाते. प्रत्येक पाइलला एकमेकींशी काटकोनातल्या दोन दिशांना, दोन्ही बाजूंनी, ठरावीक अंतरावर सळया ठोकून ठेव, म्हणजे केसिंग (भोकात घालायचा लोखंडी पाइप) उतरवल्यावर फोरमन दोरी ताणून मध्य बघू शकेल. पाइलला सेंटिमीटरांची थोडी मोकळीक असते, वर बेअरिंगला मात्र मिलिमीटरांचा हिशेब. लेव्हल एकाच बेंचमार्कवरून (उंची माहीत असलेल्या खुणेवरून) दोन्ही काठांना ने आणि परत येऊन बंद कर. (आपल्या झिरो माइलच्या खांबावर उंची १०२०.१७१ फूट कोरली आहे. सेल्फी काढणाऱ्यांचं तिकडे लक्ष नसतं, सर्वेअरचं तरी असावं.)

सगळं झालं की आरएफआय (तपासणीची लेखी मागणी) भर आणि कन्सल्टंटच्या सर्वेअरकडून पॉइंट तपासून सही घे. ‘नंतर करू’ म्हणाले तरी रिग चालू व्हायच्या आधीच घे.

प्रश्न : दुपारी स्टीलच्या टेपने मोजलं तर अंतर टोटल स्टेशनपेक्षा कमी भरतं. कोणाचं खरं मानायचं?
– एक वाचक, कामठी

उत्तर : टेप तापून लांब झालाय, म्हणून अंतर कमी दिसतं. २० अंशांना प्रमाणित केलेला ५० मीटरचा टेप ४५ अंशांना साधारण १४ ते १५ मिलिमीटर वाढतो, आणि उन्हात पडलेला टेप हवेपेक्षाही जास्त तापतो. टोटल स्टेशनमध्ये तापमान भरलं नसेल तर तेही चुकतं, पण अंशाला किलोमीटरमागे एखादा मिलिमीटर, म्हणजे ५० मीटरला नगण्य. मे महिन्यात दुपारी प्रिझम (टोटल स्टेशन ज्यावर नेम धरतं तो आरसा) मृगजळात नाचतो, तेव्हा कोनही भरवशाचा नाही. दोन्ही मोजमापं सकाळी नऊच्या आत घ्या आणि टेपवर छापलेला ताण स्प्रिंग बॅलन्स लावूनच द्या.