आधी क्रियापद शोध

प्रिय ब्रदर,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘कोकणात द्राक्षवेल नाही, गहू नाही, मेंढरं नाहीत; प्रवचनाला उदाहरणं आणू कुठून?’ असं तू विचारतोस आणि खाली फोनवर जमवलेल्या चाळीस गोष्टींची यादी जोडतोस. ती यादी बाजूला ठेव. गोष्टी वाईट आहेत असं मी म्हणत नाही. तू त्या रविवारची बायबलमधली वाचनं उघडण्याआधी जमवल्यास, ही अडचण आहे. सदरा आधी शिवायचा आणि मग तो कुणाच्या अंगाला बसतो ते बघत वाडीभर फिरायचं, तसं झालं ते.

मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. आधी क्रियापद, मग वस्तू. वाचनात कोण काय करतं ते शोध. मग तुझ्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, तेच काम हातांनी कोण करतं ते शोध. जाळं आलं की कोळी, मीठ आलं की मिठागर, असं वस्तूला वस्तू चिकटवत गेलास तर लोकांना सगळं ओळखीचं वाटेल आणि आत काहीच पोचणार नाही.

या जुलैत 12, 19 आणि 26 हे तिन्ही रविवार मत्तयच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायाचे, प्रभूच्या दाखल्यांचे आहेत. पेरणारा, मग निदण (गव्हात उगवणारं, गव्हासारखंच दिसणारं तण), मोहरी आणि खमीर, मग ठेव, मोती आणि जाळं. तू घाबरला आहेस ते यालाच, हे मला कळतं. शेवटापासून सुरू करू.

मराठीत आपण सगळ्याला ‘जाळं’ म्हणतो. मूळ ग्रीकमध्ये तसं नाही. चौथ्या अध्यायात पेत्र आणि आंद्रिया समुद्रात टाकतात ते गोल, हाताने फेकायचं जाळं, म्हणजे आपला पाग. तेराव्या अध्यायातलं जाळं वेगळं आहे. ते किनाऱ्यावर ओढून आणायचं, म्हणजे आपली रापण. एक दोर किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं सोडत अर्धवर्तुळात फिरते, दुसरा दोर लांबवर किनाऱ्याला लावते, आणि दोन्हीकडून माणसं ओढत ओढत जवळ येतात. आता वचन 48 वाच आणि क्रियापदांखाली रेघ मार: ओढलं, बसले, निवडून भांड्यांत भरलं, टाकून दिलं. यातलं ‘बसले’ कुणी वाचतच नाही. पाण्यात उभं राहून कुणी मासळी निवडत नाही. बांगडा, पेडवे, केंड, शेवाळ, सगळं एकाच जाळ्यात वाळूवर येतं, मग बसून निवडणी होते. आणि प्रभू अर्थ सांगताना निवडणीचं काम देवदूतांकडे देतो. तुझ्या धर्मग्रामात जी माणसं ओढण्याऐवजी आतापासूनच एकमेकांना निवडत बसली आहेत, त्यांच्यासाठी एवढं पुरे आहे.

इथे चूक कुठे होते तेही सांगतो. ‘रापणकर वाईट मासे फेकून देतात’ असं सरसकट म्हणालास तर मागच्या बाकावरचा रापणकर तिथेच ऐकणं थांबवेल. बारीक मासळी तो फेकत नाही. ती सुकवतात, नाहीतर माडांना खत म्हणून जाते. फेकतो तो केंड, कारण तो विषारी. म्हणून ‘केंड’ म्हण. एका शब्दाने त्याला कळेल की तू विचारून आला आहेस.

19 तारखेच्या निदणाकडे ये. आपल्याकडे गहू नाही म्हणून तू हात टेकलेस. क्रियापद बघ: ‘कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्या.’ हे वाक्य कोकणातल्या बायकांना सरळ पटणार नाही, कारण त्या दर पावसाळ्यात बेणणी, म्हणजे भातातली खुरपणी, करतात. लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी वाकून तण उपटणाऱ्या बाईला तू ‘उपटू नका’ म्हणणार, तर तिच्या मनात येणारा प्रश्न आधी तू विचारायला हवा. भातासारखं दिसणारं ते गवत तिला ओळखता येतं. भाताचं पान खोडाला मिळतं तिथे पातळ पापुद्रा असतो, त्या गवताला तो नसतो. म्हणजे ‘चांगलं कोण, वाईट कोण हे आपल्याला ओळखता येत नाही’ ही नेहमीची मांडणी इथे कोसळते. आणि ती शास्त्रपाठातही कोसळते! कणसं आल्यावर निदण दिसलं, असं वचन 26 सांगतं. दासांनी ते ओळखलं होतं. धन्याची भीती ओळखण्याची नाही, मुळांची आहे: निदण काढताना गहूही उपटाल. म्हणून उदाहरण लावणीच्या शेतातलं घेऊ नकोस, तिथे रोपांमध्ये अंतर असतं. तरव्यातलं, म्हणजे रोपं तयार करायच्या वाफ्यातलं, घे. तिथे बी दाट फेकलेलं असतं, मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, एक काडी ओढली की चार रोपं हातात येतात. शेत तेच, पीक तेच, पण तरव्यात क्रियापद बसतं आणि लावणीत बसत नाही. आधी क्रियापद म्हणतो ते यासाठी.

12 तारखेच्या पेरणाऱ्यालाही हेच लाव. लावणी करणाऱ्याला वाटेवर, खडकावर, काट्यांत बी टाकणारा शेतकरी वेडा वाटेल. मोड आलेलं बी चिखलावर फेकायची रहू पद्धत ज्यांना माहीत आहे, त्यांच्याकडे जा. हाताने फेकलेलं बी बांधावर किती जातं, ते त्यांना विचार.

मोहरीला पर्याय शोधू नकोस. ती प्रत्येक घरात मिसळणाच्या डब्यात आहे. तुला वडाचं बी सुचलंय, ते खोड. वड भव्य आहे, आणि नेमकी तीच अडचण आहे. जुन्या करारातल्या यहेज्केलच्या सतराव्या अध्यायात पक्ष्यांना आसरा देणारा उंच गंधसरू आधीच होता, लोकांना तो ठाऊक होता. प्रभूने तो न घेता परसातलं झाड घेतलं. मार्क तर ‘सर्व भाज्यांहून मोठी’ एवढंच म्हणतो. वड आणलास की तू प्रभूने मुद्दाम सोडलेली भव्यता परत आत आणतोस.

खमिराला तू आंबोळी लिहिली आहेस. चुलीजवळची वस्तू म्हणून मला आनंद झाला, पण क्रियापद? ‘लपवलं.’ बाईने खमीर घेऊन तीन मापं पिठात लपवलं. आंबोळीचं पीठ आपसूक आंबतं, बाहेरून कुणी काही घालत नाही. तुला हवी आहे ती सान्नांसाठी (वाफवलेल्या तांदळाच्या वड्यांसाठी) वाटलेल्या तांदळात घालायची माडाची सूर, म्हणजे माडी. ती घातली, ढवळली, की पुन्हा वेगळी काढता येत नाही आणि दिसतही नाही. पिठाचं फुगणं तेवढं दिसतं. सूर शिळी असेल तर पीठ फुगण्याआधी आंबट होतं, हेही सांग. आणि तीन मापं म्हणजे जवळजवळ चाळीस लिटर पीठ, शंभरावर माणसांचं जेवण. घरच्या पातेल्याचं नाही, लग्नघरच्या टोपाचं प्रमाण सांग. या एका आकड्याने बायका मान वर करतील.

कधीकधी आपल्याकडची वस्तू अगदी जवळची असते आणि तरी उलटी असते. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायातलं कलम घे. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत प्रत्येकाला हापूसचं कलम माहीत आहे, म्हणून प्रवचनकार बेधडक ते वापरतात. कोय कलम कसं होतं? दहा-पंधरा दिवसांचं, तांबूस पानांचं रोप घ्यायचं, कोयीपासून सहा-आठ सेंटीमीटरवर छाटायचं, मधोमध चीर द्यायची, तीन-चार महिन्यांच्या काडीला पाचरीसारखा काप देऊन ती आत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. काडीची पानं आठ-दहा दिवस आधीच काढलेली असतात. खालचं रोप रायवळ, वरची काडी हापूस. पौलाकडे मात्र रानटी फांदी चांगल्या जैतुनाला जोडली आहे, म्हणजे बरोब्बर उलट. कलमं बांधणारा माणूस हे दोन सेकंदांत पकडतो. पौलालाही ते ठाऊक आहे, वचन 24 मध्ये तो स्वतः ‘निसर्गाविरुद्ध’ म्हणतो. म्हणून लपवू नकोस. ‘तुम्ही करता त्याच्या उलट देवाने केलं’ असं म्हण. मग कलम करणाराच तुझं प्रवचन पुढे नेईल. सांध्याखालून फुटलेले रायवळचे धुमारे काढले नाहीत तर हापूस दबतो, हा भाग मोहक आहे, पण तो पौलाच्या वाचनात नाही. तो मोह सोड.

मेंढरांविषयी तुझी माहिती अपुरी आहे. पावसाळ्यात मेंढरं इथे टिकत नाहीत, हे खरं. पण दिवाळीनंतर घाटावरचे धनगर कळप घेऊन खाली उतरतात आणि शेतकरी खतासाठी रात्री शेतात मेंढरं बसवून घेतात. पास्काकाळातल्या (ईस्टरच्या काळातल्या) चौथ्या रविवारी, योहानाचा दहावा अध्याय येतो तेव्हा, ते परतीच्या वाटेवर असतात. क्रियापद आहे ‘आवाज ओळखतात’. दोन कळप एका शेतात मिसळले तर सकाळी वेगळे कसे करता, एवढंच त्यांना विचार आणि गप्प बस.

तुझ्या यादीतल्या दोन गोष्टी आजच खोड. चाळिसाव्या वर्षी चोच आपटून, पिसं उपटून पुन्हा तरुण होणारा गरुड: असं होत नाही, चोच गेलेला पक्षी उपाशी मरतो. यरुशलेममधला ‘सुईचं नाक’ नावाचा बुटका दरवाजा, उंट गुडघ्यांवर आत शिरतो तो: अशा दरवाज्याचा पुरावा नाही, आणि ‘माणसांना हे अशक्य आहे’ या प्रभूच्या शब्दाची धार त्याने बोथट होते. खोटं उदाहरण पवित्र वेदीजवळून सांगायचं नाही. वेळासच्या कासवांची पिल्लंही तू लिहिली आहेस. ती खरी आहेत, सुंदर आहेत, आणि तू ती कोणत्या वाचनाला जोडणार ते पत्रात कुठेच नाही. क्रियापद नाही, तर कासवं नकोत.

कामाची रीत अशी ठेव. सोमवारी तिन्ही वाचनं आणि स्तोत्र मोठ्याने वाच, दोनदा. फक्त क्रियापदांखाली रेघ. मंगळवारी त्यातलं एक निवड, एकच. बुधवारी ते काम करणाऱ्या माणसाकडे जा आणि चार प्रश्न विचार: याला तुम्ही काय म्हणता, किती घेता, कधी करता, बिघडतं केव्हा. चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा प्रवचनाच्या उपयोगाचं निघतं. गुरुवारी लिही. शुक्रवारी अर्धं खोड. शनिवारी घड्याळ लावून बोल. पोप फ्रान्सिस यांनी जून 2024 मध्ये प्रवचनाला आठ मिनिटांची मर्यादा सांगितली होती. त्यातलं दीड मिनिट उदाहरणाला दे, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे शब्द. एका प्रवचनात एकच उदाहरण. दोन दिलीस की लोक दुसरं ऐकताना पहिलं विसरतात आणि वाचन दोन्हींखाली गाडलं जातं.

वही ठेव, पण वस्तूंच्या नावाने नको, क्रियापदांच्या नावाने ठेव: लपवणं, निवडणं, वाट पाहणं, शोधणं, सांधणं. प्रत्येक नोंदीपुढे तारीख आणि वापरल्याचा रविवार लिही. तीन वर्षांनी तेच शुभवर्तमान परत येतं आणि लोकांना तुझं उदाहरण आठवत असतं. वहीत माणसांची नावं आणि घरच्या गोष्टी लिहायच्या नाहीत. उद्या धर्मगुरू होऊन तू कुमसार, म्हणजे पापांची कबुली, ऐकशील. तिथलं एक अक्षरही, नाव बदलूनसुद्धा, प्रवचनात येता कामा नये. गाव लहान आहे.

‘साध्या भाविकांना इतकं काटेकोर कशाला?’ असं तुला कुणीतरी म्हणेल. मलाही म्हणतात. मी माघार घेत नाही. मासळी खारवणाऱ्या बाईला तीन-चार किलोला एक किलो मीठ लागतं हे ठाऊक असतं, पोटात मीठ कमी पडलं तर मासा आतून सडतो हेही ठाऊक असतं. ‘तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा’ हे वाक्य आपल्यापेक्षा तिला जास्त कळतं. तिच्यासमोर मिठाविषयी ढोबळ बोलणं हा तिचा अपमान आहे. हा हट्ट मला उशिरा सुचला. त्याआधी कितीतरी वर्षं लोकांनी माझ्या गोष्टी आवडीने ऐकल्या आणि दारात वाचन कोणतं होतं ते कुणाला आठवलं नाही. ती वर्षं मला परत मिळणार नाहीत. तुझी अजून सुरूही झालेली नाहीत, म्हणून इतकं तोडून लिहितो आहे. रागावू नकोस.

आता एक काम. 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद आहे आणि किनाऱ्यावर जाळी दुरुस्त होत आहेत. मत्तयच्या चौथ्या अध्यायात याकोब आणि योहान जाळी नीट करत होते. त्याचंच ग्रीक क्रियापद पौल गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात चुकलेल्या माणसाला ताळ्यावर आणण्यासाठी वापरतो. भोकाच्या कडा नुसत्या ओढून बांधल्या तर काय होतं, ते जाळं विणणाऱ्याला विचार. आधी फाटलेले धागे नीट गाठीपर्यंत कापून भोक मोठं का करावं लागतं, नवा आस (जाळ्याचं एक घर) जुन्याच मापाचा का लागतो, तेही विचार. सुई हातात घेऊन दोन आस स्वतः विण. 26 तारखेआधी दोनदा तरी जा. 1 ऑगस्टनंतर त्यांना तुझ्याशी बोलायला वेळ नसेल.

तुझं क्रियापद मला गुरुवारपर्यंत कळव.