खालून सहावी पायरी

"मॅडम, सहा महिने बोटीवर काढून आलाय आणि आता परत जायचं नाही म्हणतो. एवढी फी भरली, त्याचं काय करायचं?"

मी नेरुळला समुपदेशक म्हणून काम करते. आसपास मर्चंट नेव्हीचं शिक्षण घेणारी मुलं भरपूर, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. गेल्या महिन्यात दोन घरांतून पुन्हा तोच आला, म्हणून समीरबद्दल लिहायला बसले. नाव आणि ओळखीचे तपशील अर्थातच बदलले आहेत.

समीर चिपळूणकडचा. नॉटिकल सायन्सचा एक वर्षाचा डिप्लोमा, म्हणजे डीएनएस, केलेला. त्यानंतर १८ महिने डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून बोटीवर काढायचे, मग सेकंड मेटची, म्हणजे अधिकारी होण्याची पहिली परीक्षा. समीरचे सहा महिने झाले होते. पहिल्या भेटीत सगळं वडीलच बोलले. दुसऱ्या वेळी मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं.

"काय झालं?" या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. मग विचारलं, "पहाटे चारला उठून काय करायचास?" तेव्हा तो बोलायला लागला. चार ते आठ चीफ ऑफिसरबरोबर ब्रिजवर, म्हणजे बोट चालवतात त्या खोलीत, वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी. नाश्ता झाला की डेकवर सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, हाताखाली. हातोडीने गंज काढायचा, वायर ब्रश मारायचा, प्रायमर लावायचा. माल उतरला की होल्ड, म्हणजे मालाची कोठारं, झाडायचे.

"मी ऑफिसर व्हायला गेलो होतो मॅडम. झाडूच मारायचा होता तर एवढी फी कशाला भरली?"

इथे मोठी माणसं कष्टाचं महत्त्व सांगू लागतात. वडिलांचं ते सांगून झालं होतं. माझा त्यावर विश्वास नाही. माणूस कामाने सहसा खचत नाही. ते काम करताना तो मनात स्वतःला जे ऐकवत असतो, त्याने खचतो. ते वाक्य सापडेपर्यंत मी उपदेश करत नाही.

मी त्याला ट्रेनिंग रेकॉर्ड बुक आणायला सांगितलं. बोटीवर शिकलेल्या प्रत्येक कामापुढे ऑफिसरची सही घ्यायची ती जाडजूड वही. पहिल्या महिन्याची पानं सह्यांनी भरलेली. पुढे जवळजवळ कोरी.

"दुसऱ्या महिन्यात काय झालं?"

बराच वेळ तो वहीचा कोपरा दुमडत राहिला. एका वॉचला त्याने चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, बोटीची जागा चुकीची मांडली होती. सेकंड ऑफिसर सगळ्यांदेखत ओरडला. "त्यानंतर मी काही विचारलंच नाही. विचारलं तर कळणार ना, मला येत नाही ते."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ज्या झाडूची तो तक्रार करत होता, त्याच्याच आड तो लपला होता. गंज काढणाऱ्याला कोणी प्रश्न विचारत नाही.

चौथ्या भेटीत त्याने न विचारता सांगितलं. एका बंदराबाहेर पायलट, म्हणजे बोटीला बंदरात वाट दाखवणारा तिथला माणूस, चढणार होता. त्याच्यासाठी दोरीची शिडी सोडायला समीर होता. खालून सहावी पायरी एका बाजूला कललेली त्याला दिसली. तो गप्प राहिला. पायलट सुखरूप वर आला, त्याच्याकडे बघून "गुड मॉर्निंग" म्हणाला.

"घरी आल्यापासून रोज रात्री तो माणूस पडताना दिसतो." आणि तो रडला. मी रडू दिलं.

मग विचारलं, "ती पायरी आणखी कोणाला दिसली?"

"नाही."

"मग तुला का दिसली?"

तो हातांनी दाखवायला लागला. पायरी आडवी, सपाटच हवी. खालच्या चार पायऱ्या रबराच्या. शिडी पिळू नये म्हणून पाचवी लांब, निदान १.८ मीटरची. पाण्यापासून चढ ९ मीटरच्या वर गेला तर नुसती ही शिडी चालत नाही, जोडीला गँगवे, म्हणजे बोटीच्या कडेचा तिरका जिना, लावावा लागतो. दहा मिनिटं तो थांबला नाही. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच त्याची मान वर होती.

मी वही पुढे सरकवली. "यातलं इथे किती आहे?"

"काहीच नाही. सही घेतली नाही."

"म्हणजे तुला येतं आणि वही म्हणते येत नाही. त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"चुकलो असतो तर हसले असते."

"हसू दे. मग?"

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. "मग काही नाही," म्हणाला. "माणूस तर रोज रात्री पडला नसता."

त्याच्या मनातलं वाक्य होतं, "मला सगळं आलंच पाहिजे." मी ते कागदावर लिहिलं आणि पेन त्याच्या हातात दिलं. त्याने 'च' खोडला. इतक्या वर्षांत असे क्षण मोजकेच आले, आणि तो कागद मी जपून ठेवला आहे.

समीर परत गेला. प्रत्येकाने जावंच असं मी मानत नाही. माझ्याकडे आलेला एक मुलगा विचार करून बाहेर पडला, तेही मी यशच धरते. पण निर्णय घरी आल्याच्या पहिल्या पंधरवड्यात घेऊ नये. आधी झोप भरून निघू द्या. "परत कधी जाणार?" ऐवजी "दिवस कसा जायचा?" असं विचारा. आणि वही उघडून बघा. जिथून पानं कोरी आहेत, तिथे काहीतरी घडलेलं असतं.

कॅडेटला मी एवढंच सांगते, की दिवसाला एक प्रश्न विचार आणि आठवड्याला सह्या घे. ऑफिसर कामात असला तर वॉच संपल्यावर गाठ.

मात्र कष्ट वेगळे आणि छळ वेगळा. २४ तासांत किमान १० आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती हा कॅडेटचाही हक्क आहे. मारहाण, अंगचटीला येणं, झोपू न देणं हे सोसायचं नसतं. बोटीवर तक्रारीची रीतसर पद्धत असते आणि कंपनीने किनाऱ्यावर नेमलेल्या जबाबदार अधिकाऱ्याचा नंबर बोटीवर लावलेला असतो. मुलगा निघण्यापूर्वी तो नंबर घरीही लिहून ठेवा, कॅलेंडरच्या मागे का होईना.