लॅपलँडच्या बससाठी एफडी मोडू नका

प्रश्न: माझी लेक ऑगस्टपासून फिनलंडमध्ये, ताम्पेरेला दोन वर्षांचं मास्टर्स करतेय. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिकडच्या विद्यार्थ्यांची आठ दिवसांची बस-सहल उत्तरेला लॅपलँडला निघतेय. ५२० युरो, वर जेवण, कपडे आणि काय काय. तिनं पार्ट-टाइम कामातून ३८० युरो साठवलेत, नोव्हेंबरच्या पगारातून आणखी ८० उरतील म्हणते. शिक्षणकर्ज १८ लाखांचं मंजूर आहे, ११ लाख उचललेत, दर साडेदहा टक्के. व्याज आम्ही दरमहा भरतो. घरखर्च ४५ हजार. दोन लाखांची एफडी आहे, ती मोडून पैसे पाठवावेत असं मला वाटतं. मिस्टर म्हणतात, कर्ज फिटेपर्यंत सहलीचं नाव नको. त्यांना ४० हजार दिवाळी बोनस मिळालाय, तो अजून तसाच आहे. लेकीच्या खात्यात जगण्याचे ३,१०० युरो आहेत, महिन्याला ६५० लागतात. काय करावं? (सिंहगड रोड, पुणे)

ताई, लेकीला जाऊ द्या. एफडीला मात्र हात लावू नका.

आधी एफडीचं सांगतो. घरखर्च ४५ हजार आणि कर्जाचं व्याज ९,६२५, म्हणजे दर महिन्याला साधारण ५४,६०० रुपये लागतात. दोन लाख म्हणजे पावणेचार महिनेसुद्धा नाहीत. मी प्रत्येक घराला किमान सहा महिन्यांची सोय ठेवायला सांगतो, तेव्हा तुमची एफडी आधीच तोकडी आहे. गेल्या वर्षी वारज्याच्या एका गृहस्थांनी घराच्या रंगकामासाठी अशीच एफडी मोडली. तीन आठवड्यांनी रात्री अकरा वाजता ते हॉस्पिटलच्या काउंटरवर उभे होते. मेडिक्लेम होता, पण कॅशलेसची मंजुरी सकाळी येणार होती आणि तोवर पन्नास हजार डिपॉझिट भरा म्हणाले. त्यांनी मला फोन केला तेव्हाचा आवाज अजून कानात आहे. तुमच्या घरी त्या रात्रीसाठी फक्त ही एफडी आहे.

आता मिस्टरांचं म्हणणं. त्यांची काळजी रास्त आहे. लेकीनं सगळ्या हौशी धरल्या तर सहल ८४० युरोंवर जाते. एका युरोला शंभर रुपये धरले तर ८४ हजार. हे पैसे कर्जातून गेले, तर दहा वर्षांच्या हप्त्यात साडेदहा टक्क्यांनी महिन्याला साधारण १,१३० रुपये वाढतात आणि फेडून होईपर्यंत एक लाख छत्तीस हजार जातात. आठ दिवसांच्या सहलीचे हप्ते ती तिशीपलीकडे भरत बसेल. म्हणून कर्जातला एकही रुपया या बसमध्ये बसता कामा नये. पण ‘कर्ज फिटेपर्यंत काहीच नाही’ हे मला पटत नाही. शिक्षणकर्ज दहा-बारा वर्षं चालतं, तेवढा काळ घराला कुलूप लावून जगता येत नाही. आणि तिचे ४६० युरो तिनं संध्याकाळच्या पाळ्या करून मिळवलेत. त्यांचं काय करायचं, ते तिलाच ठरवू द्या.

सहलीचा हिशेबही पाहू या. राजधानी हेलसिंकीपासून लॅपलँडमधलं रोवानिएमी आठशे किलोमीटरच्या वर, म्हणजे आपलं पुणे-बंगळूर. तिथून इनारी आणखी सव्वातीनशे. पुढे नॉर्वेत शिरून बॅरंट्स समुद्राकाठच्या बुगॉयनेस गावी सौना, म्हणजे गरम वाफेची खोली, आणि बर्फगार पाण्यात डुबकी. एवढ्या लांब सार्वजनिक वाहनानं एकटीनं जायचं तर गाड्या कमी आणि राहणं महाग. विद्यार्थी केबिनमध्ये राहतात, वाटेत सुपरमार्केटला बस थांबते, किराणा भरतात, मिळून रांधतात. म्हणून ५२० युरोंत जमतं. हीच सहल चार वर्षांनी पुण्याहून करायची म्हटली, तर नुसती शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, विमानाचं तिकीट वेगळं. तिकडे पोचण्याचा खर्च तुम्ही आधीच करून बसला आहात.

पैशाच्या बाजूनं डिसेंबरऐवजी मार्चमध्ये जाणं बरं, हे मान्य करतो. तोवर ती आणखी साठवेल. डिसेंबरात इनारीला सूर्य जवळजवळ उगवतच नाही, दुपारी काही तास निळसर उजेड असतो. मार्चच्या शेवटी दिवस बारा तासांहून मोठा, बर्फ भरपूर आणि रात्री नॉर्दर्न लाइट्स दिसण्याची शक्यताही शिल्लक. पण तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘तिच्या खोलीतल्या दोघी एक्स्चेंजवर आल्यात, डिसेंबरनंतर आपापल्या देशी जाणार.’ परक्या देशातल्या पहिल्या चार महिन्यांत ज्यांच्या सोबतीनं दिवस काढले, त्यांच्याबरोबर जायचंय तिला. मार्चमध्ये बस असेल, त्या दोघी नसतील. मला हे कारण पुरेसं वाटतं.

तेव्हा असं करा. बसचे ५२०, जेवणाचे ८०, कपड्यांचे ४०, नॉर्वेच्या एका दिवसाचे ७०. झाले ७१०. त्यात ४६० तिचे. उरलेले २५०, म्हणजे पंचवीस हजार, बोनसमधून द्या. बोनसचे बाकी पंधरा हजार एफडीशेजारी ठेवा. हस्की कुत्र्यांनी ओढायची गाडी, तिचे १३० युरो, यंदा नको. तिला पुढचा हिवाळाही तिकडेच काढायचाय. स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची स्कूटर, तर पैसे असले तरी नको म्हणेन. गाडी आपटली तर ठरावीक रकमेपर्यंतचं नुकसान सहसा चालवणाऱ्याच्या माथी येतं, आणि ती रक्कम सहलीपेक्षा मोठी असू शकते.

हे २५० युरो वेगळे पाठवू नका. दर वेळी बँकेचे चार्जेस आणि त्यावर जीएसटी जातो. सध्या तिनं आपल्या खात्यातून भरावेत, जानेवारीत तुम्ही जगण्याचे पैसे पाठवाल त्यातच वाढवून द्या. नोव्हेंबर-डिसेंबरचा खर्च आणि हे २५० वजा जाता तिच्याकडे १,५५० उरतात, दोन महिन्यांना पुरून वर थोडे. यापेक्षा कमी उरत असते तर मी मार्चच सांगितला असता. फिनलंडला निवास परवान्यासाठी नोव्हेंबर २०२४ पासून विद्यार्थ्याकडे महिन्याला ८०० युरो दाखवावे लागतात, आधी ५६० होते. ते पैसे भाड्याचे आणि पोटाचे, सहलीचे नाहीत, हे तिलाही एकदा सांगा. टीसीएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक कापून घेते त्या कराची, चिंता नको. वर्षाला दहा लाखांपर्यंतच्या रकमेवर तो लागत नाही.

नॉर्वेत क्रोन चालतात. तिथे तिनं फिनलंडच्या बँकेचं कार्ड वापरावं. इथल्या डेबिट कार्डावर दोन ते साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे जादा आकार, बसतो, वर जीएसटी. कपडे इथून कुरिअर करू नका. तिकडे किरप्पुतोरी नावाची जुन्या वस्तूंची दुकानं असतात, जाड जॅकेट आणि बूट तिथे स्वस्तात मिळतात. तुळशीबागेतले लोकरी मोजे उणे वीसला टिकणार नाहीत. आगाऊ रक्कम भरण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारून घ्यायला सांगा: सहल रद्द झाली तर किती परत मिळतात, आणि तिचा विद्यार्थी विमा नॉर्वेतही लागू आहे का.

राहिले मिस्टर. दरमहा पूर्ण व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्क्यापर्यंत सवलत देतात, तुमच्या मंजुरीपत्रात तसं कलम आहे का ते पाहा. असेल तर एकही महिना चुकता कामा नये. त्यांच्यासमोर हिशेब मांडाल तेव्हा पहिली ओळ त्या ९,६२५ ची लिहा, दुसरी एफडीचे दोन लाख जसेच्या तसे, आणि तिसरी लेकीचे ४६० युरो. बोनसमधले पंचवीस हजार त्याखाली मागा.