बालाघाटातला ‘बाला’ म्हणजे बाळ नव्हे

धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग देवस्थानाला जाऊन आलेल्या एका वाचकाने विचारलंय, की तिथल्या डोंगररांगेचं खरं नाव ‘बालघाट’ का ‘बालाघाट’? सह्याद्रीपुढे ही रांग लहान, म्हणून ‘बाल’ म्हटलं असेल का? आणि तिथल्या अभयारण्याचं नाव नुसतं ‘रामलिंग’ का ‘रामलिंग घाट’?

बालाघाट. ल ला काना आहे, तो खाऊ नका. लहान-मोठेपणाशी काही संबंध नाही. हे ‘बालघाट’ मी इतक्या वर्षांपासून ऐकतेय की आता कान किटले, हॉटेलांच्या पाट्यांवर तेच, शाळेच्या सहलीच्या पत्रकात तेच, आणि मध्ये सोलापुरातच एका व्याख्यानात एका प्राध्यापकांनी ‘बल’ म्हणजे शक्ती, बलाढ्य घाट तो बालाघाट अशी फोड करून दाखवली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शब्द ओढूनताणून संस्कृतात नेला की त्याचा मान वाढतो असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं कधीच जमलं नाही. कुणी मध्य प्रदेशातल्या बालाघाटचं उदाहरण देतात, तिकडे म्हणे ‘बारह घाट’चं बालाघाट झालं. असेल, तिकडचं तिकडे ठेवा, आमच्या डोंगराला ते लावू नका.

‘बाला’ हा सरळसरळ फारसी शब्द आहे, अर्थ वर, वरचा. बालाघाट म्हणजे घाटाच्या वरचा मुलूख. आणि हा शब्द एकटा नाही, त्याचा जोडीदार आहे पाईनघाट, पाईन म्हणजे खालचा. ही कारभारातली जोडी. वऱ्हाडात बालाघाट-पाईनघाट होते, खाली कर्नाटकातही होते, आणि आपल्या शेजारच्या बीडमध्ये वरच्या पठाराला बालाघाट, गोदावरीकडच्या सखल भागाला पाईनघाट नाहीतर गंगथडी म्हणायचे. आता यातून काय निघतं बघा. हे मुळात डोंगररांगेचं नावच नाही, रांग चढून गेल्यावर जो सपाट मुलूख लागतो त्याचं ते नाव. रांगेला ते नंतर चिकटलं, असं माझं ठाम मत आहे.

पटत नसेल तर कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणाऱ्या कुणालाही विचारा. रात्रभर माळावरून चालायचं, पंचेचाळीस किलोमीटर, आणि पाय पार गळाले की शेवटी घाट समोर येतो. तो चढला की आई भवानी. पण पुढे धाराशिवकडे निघालात तर चढलात तेवढा घाट परत उतरावा लागत नाही, तुम्ही वरच राहता. तेच बार्शीकडून येडशीला जाताना. पांगरी सोडली की चढ, आणि चढ संपला की वर शेतं, गावं, सगळं आपलं चालू. डोंगर ओलांडला असं वाटतच नाही, जिना चढून माडीवर आलो असं वाटतं. त्या माडीला बालाघाट म्हणायचे.

हाच ‘बाला’ रोज आपल्या तोंडात असतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. बालेकिल्ला! गडाच्या आतला सगळ्यात वरचा किल्ला. राजगडाचा बालेकिल्ला चढताना कुणाला तो बाळांचा किल्ला वाटतो का? अमुक पक्षाचा बालेकिल्ला ढासळला असं पेपरात छापतात तेव्हाही त्यात हाच फारसी ‘वर’ असतो. गोवळकोंड्याच्या माथ्यावरची जागा बाला हिसार, काबूलचा किल्ला बाला हिसार, पेशावरचाही बाला हिसारच. काबूलपासून येडशीपर्यंत एक शब्द पसरलाय आणि आपण त्याला बाळ म्हणतोय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण माझा खरा जीव आहे तो ‘बालाबाल’वर. बालाबाल म्हणजे परस्पर, परभारे, कुणाला पत्ता लागू न देता. फारसीतलं बाला-बाला, वरच्या वर. मराठीत आपण ‘वरच्यावर झेललं’ म्हणतो ना, तसंच चित्र, खालच्याला कळायच्या आत वरून निघून गेलं. हल्ली लोक याच्या जागी ‘बालंबाल’ ठोकून देतात. अहो, बालंबाल खात्री म्हणजे पुरेपूर, केसागणिक खात्री, त्यातला बाल हा केस. ‘त्याने जमीन बालंबाल विकली’ हे मराठी नव्हे.

आता हा शब्द आमच्या भागात इतका का टिकला? माझ्या मते सरहद्दीमुळे. १९४७ पर्यंत बार्शी इंग्रजांची, आणि येडशी १९४८ पर्यंत निजामाची, आमच्याकडची म्हातारी माणसं अजून पलीकडच्या मुलखाला मोगलाईच म्हणतात. बार्शी लाइट ही छोटी रेल्वे १८९७ ला सुरू झाली, १९११ ला लातूरला पोचली, म्हणजे इंग्रजी हद्दीत बसायचं आणि मोगलाईत उतरायचं. माल नेताना जकात. निजामाच्या जकातखात्याला करोडगिरी म्हणायचे, तिचे नाके असायचे. नाका रस्त्यावर, आणि बाजूला हे जंगलाचे डोंगर, धावडा, सालई, पावसाळ्यात तर दहा हातांवरचं दिसत नाही. माझी आजी पांगरीकडची. तिच्या बोलण्यात एक वाक्य कायम असायचं, “गाडी नाक्यावरनं गेली, माल बालाबाल गेला.” ती हे म्हणताना हात डोक्यावरून पलीकडे न्यायची. शब्दाचा अर्थ तिने कधी सांगितला नाही, त्या हातातच सगळा अर्थ होता. सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरकडून भारताची फौज नळदुर्गावर गेली, चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं, पुढे नाकेही गेले. शब्द तेवढा राहिला.

फारसी शब्द म्हणून देवस्थानाला कमीपणा येतो असं कुणी म्हणेल, म्हणून तेही सांगते. रामलिंगला जटायूची समाधी दाखवतात, रावणाशी लढून तो इथे पडला, रामाने बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढलं अशी श्रद्धा आहे. ती जुनीच आहे आणि माझीही आहे. डोंगराला मुलखाचं नाव कारभाराच्या भाषेतून मिळालं म्हणून देव कुठे जात नाही. आणि तिथे गेलात तर एक बघा, देऊळ वर नाही, खाली आहे. वरच्या सपाटीवर गाडी लावायची आणि पायऱ्या उतरत दरीत जायचं, माकडं पिशवीवर डोळा ठेवून कठड्यावर बसलेली असतात, पावसाळा असेल तर धबधब्याचा आवाज आधी येतो आणि देऊळ मागून दिसतं. पहिली पायरी उतरायच्या आधी जिथे उभे असता ना, तो बालाघाट.

अभयारण्याचं म्हणाल तर ते १९९७ चं, सुमारे बावीस चौरस किलोमीटर, आणि नाव येडशी रामलिंग घाट अभयारण्य. घाट शब्द गाळू नका.