वाभाडे, पिसं आणि गाऱ्हाणं

देवगडच्या एका वाचक बाईंनी विचारलंय. त्यांचा मुलगा आणि सुट्टीला मुंबईहून आलेला त्याचा आतेभाऊ यांची जेवणावरून उठेपर्यंत जुंपली. कारण एका इंग्रजी सिनेमाचा दुसरा भाग. मुलाला तो बऱ्यापैकी आवडला होता, आणि कुणीतरी दीड तासाचा व्हिडिओ करून तो पार निकालात काढला होता. मुलगा म्हणे, "ही समीक्षा नाही, नुसते वाभाडे काढलेत." आतेभाऊ म्हणे, "समीक्षाच आहे. तुला झोंबली म्हणून तिचं नाव बदलू नको." बाईंचे प्रश्न तीन: यातला बरोबर शब्द कोणता? मालवणीत याला काही वेगळं म्हणतात का? आणि सीक्वेलला मराठीत काय म्हणावं?

पहिल्या प्रश्नापुरतं सांगायचं तर दोघांचेही शब्द बरोबर आहेत, आणि म्हणूनच भांडण मिटत नाही. 'समीक्षा' हे कामाचं नाव आहे. 'वाभाडे' हे त्या कामानं ज्याला लागलं, त्यानं ठेवलेलं नाव आहे. आपण स्वतःच्या लिखाणाबद्दल "मी अमक्याचे वाभाडे काढले" असं क्वचितच म्हणतो, आणि म्हटलंच तर थोडी फुशारकी मारायला. एरवी वाभाडे दुसरा काढतो. हा शब्द चालतोही जवळजवळ नेहमी अनेकवचनात, 'काढणे' किंवा 'निघणे' या क्रियापदांबरोबर, आणि चार लोकांसमोर. बंद खोलीत कुणाचे वाभाडे निघत नाहीत.

'समीक्षा'चं कूळ मात्र बघण्यासारखं आहे. संस्कृतातला ईक्ष् धातू, म्हणजे पाहणे. सम् लागला की समीक्षा, नीट सगळीकडून पाहणं. परि लागला की परीक्षा आणि परीक्षण. निर् लागला की निरीक्षण. प्र लागला की प्रेक्षक. आता पुढचे बघा: प्रति लागून प्रतीक्षा, अप लागून अपेक्षा, उप लागून उपेक्षा. सिनेमाच्या दुसऱ्या भागाची सगळी जन्मकुंडली या एका धातूत आली. चार वर्षं प्रतीक्षा, मग आभाळाएवढी अपेक्षा, प्रेक्षक थिएटरात, बाहेर आल्यावर समीक्षा, आणि काही दिवसांनी उपेक्षा. प्रेक्षक आणि समीक्षक एकाच धातूचे, तेव्हा "तू साधा प्रेक्षक, तुला समीक्षा करायचा काय अधिकार" हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनं तरी लंगडं आहे.

वर्तमानपत्रांत एकेका सिनेमावर जे छापून येतं त्याला परीक्षण म्हणायची रीत आहे. समीक्षा जरा भारदस्त, साहित्याच्या अंगणातली. व्हिडिओला मात्र कुणी परीक्षण म्हणताना मी ऐकलेलं नाही. तिथे 'रिव्ह्यू'. आणि तो केला किंवा लिहिला जात नाही, 'टाकला' जातो. "त्याने रिव्ह्यू टाकला का?" नाम परकं, पण क्रियापद आपलं, जाळं टाकावं तसं. मला हे आवडतं. 'रोस्ट'चं, म्हणजे चारचौघांत टर उडवण्याचं, तसं झालेलं नाही. "रोस्ट केला" एवढ्यावरच गाडी अडली आहे. "भाजला" म्हटलं तर देवगडात लोक बांगडा समजतील.

टीका या शब्दाचा उलटा प्रवास या वादात कुणाला आठवत नाही, म्हणून सांगतो. "शके बाराशतें बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें." शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. इथे टीका म्हणजे उलगडा, आणि तोही प्रेमानं, आदरानं केलेला. ज्ञानेश्वर गीतेचे टीकाकार आहेत हे वाक्य आजही कुणाला खटकत नाही, पण "सरकारचे टीकाकार" म्हटलं की आपण लगेच बाह्या सरसावलेला माणूस डोळ्यासमोर आणतो. शब्द तोच. मूळ ग्रंथाची ओळन् ओळ घेऊन त्यावर बोलायचं, ही पद्धतही तीच. दीड तासाच्या व्हिडिओत प्रसंगामागून प्रसंग थांबवून जो बोलतो, तो पद्धतीनं जुन्या अर्थाचा टीकाकार आणि सुरानं नव्या अर्थाचा. (आणि कृपया, टी दीर्घ. 'टिका' नव्हे.)

आता खरी श्रीमंती. कुणाला शब्दांनी सोलायचं असेल तर मराठीत साधनांची ददात नाही, पण ती सगळी एकमेकांच्या जागी चालत नाहीत. खरडपट्टी काढायला वरची पायरी लागते: साहेब कारकुनाची काढतो, मास्तर पोराची काढतात. म्हणून "सिनेमाची खरडपट्टी काढली" हे कानाला जरा अडतं. दिग्दर्शकाची काढली म्हटलं तर चालून जातं. हजेरी घेणे त्याच जातीचं. कानउघाडणी करणारा हितचिंतक असावा लागतो, आणि ऐकणारा सुधारेल ही आशा त्यात असते. बिनपाण्यानं करण्यात आशा नाही, नुसता वस्तरा आहे. लक्तरं वेशीवर टांगायची तर ती घरातली लागतात. परक्याची लक्तरं टांगण्यात काही विशेष नाही, आपल्याच माणसानं टांगली की गाव बघायला येतं. सालटी काढणे आणि पिसं काढणे यांत मला असा फरक जाणवतो की सालटी काढणारा रागावलेला असतो आणि पिसं काढणारा मजेत असतो. पिसं काढायला वेळ लागतो, एकेक पीस वेगळं उपटावं लागतं, आणि काढणाऱ्याला त्यात रस असतो. तो रस ऐकणाऱ्यालाही लागतो. लांबलचक व्हिडिओ लोक शेवटपर्यंत बघतात ते त्यामुळेच.

इथे भाषेनं एक गंमत करून ठेवली आहे. 'पिसं' म्हणजे वेडही. पिसं लागणे, वेडापिसा. हा 'पिसा' पिशाच शब्दाच्या घरचा, आणि पाखराचं पीस पिच्छाच्या घरचं; नातं काही नाही. पण चाहता तो ज्याला पिसं लागलं, आणि रिव्ह्यूवाला तो जो पिसं काढतो, हा योगायोग सोडवत नाही. आणि बऱ्याचदा ही दोन्ही माणसं एकच असतात, हे त्या दोन भावांच्या भांडणात कुणी बोललं नाही.

चिरफाड हा शब्द मी यात वेगळा ठेवतो. त्यात राग नको, मजाही नको, फक्त सुरी आणि पद्धत. या प्रकारचा सगळ्यात गाजलेला नमुना म्हणजे 2009 साली अमेरिकेतल्या रेड लेटर मीडिया या मंडळींनी 'द फँटम मेनेस' या 1999च्या स्टार वॉर्स सिनेमावर केलेला सत्तर मिनिटांचा रिव्ह्यू. यूट्यूबवर तो सात तुकड्यांत आला. (कथाक्रमानं तो सिनेमा पूर्वकथा आहे, प्रीक्वेल, पण चाहत्यांच्या हिशेबात पुढचा भागच, कारण वाट त्यांनी पुढचा म्हणूनच पाहिली.) त्यातली एक युक्ती सांगण्यासारखी. लोकांना विचारलं, अमुक पात्राचं वर्णन करा. पण ते दिसतं कसं, घालतं काय, काम काय करतं, हे सांगायचं नाही. जुन्या सिनेमातल्या पात्रांबद्दल लोक भडाभडा बोलले, नव्यातल्यांबद्दल बोलताना अडखळले. इथे शिवी न देता पात्रं पोकळ असल्याचं दाखवलं गेलं. याला वाभाडे म्हणणं अन्याय आहे, ही समीक्षाच.

पण त्याच व्हिडिओत बोलणारा 'मिस्टर प्लिंकेट' हा एक किरकिरा, विक्षिप्त म्हातारा आहे, आणि तो खरा नाही. ते सोंग आहे. सिंधुदुर्गातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. दशावतार या आपल्याकडच्या लोकनाट्यात राक्षस मंडपभर थयथयाट करतो, लोकांवर धावून येतो, पुढच्या रांगेतली पोरं किंचाळतात. पहाटे रंग पुसल्यावर तोच माणूस आपल्या शेजारी बसून चहा पितो. व्हिडिओतला आवाजही पुष्कळदा सोंगाचा असतो. फरक असा की रंग पुसताना तो आपल्याला दिसत नाही. बाईंच्या मुलाला जो उद्धटपणा बोचला, तो बहुधा सोंगाचा भाग होता. बोलणाऱ्याचे मुद्दे आणि त्याचं सोंग वेगळं काढून बघितलं असतं, तर वादाची निम्मी हवा गेली असती. आतेभावानंही ते केलं नाही. तो सोंगावरच भाळला होता, असं मला पत्रावरून वाटतं.

दशावताराचा विषय निघालाच आहे तर मालवणीकडे येतो. लिखित संहिता नसलेल्या या नाटकाचा प्रेक्षक मोठा कठोर. आख्यान त्याला तोंडपाठ, राजा काय बोलणार ते ठाऊक, म्हणून कसं बोलला याच्यावर त्याची नजर. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तिठ्यावर निकाल लागतो: "कालचो राजा फिको पडलो." सिनेमालाही तोच न्याय: "पिक्चर पडलो." रिव्ह्यूवाल्याबद्दल "पिसां काढल्यान तेची" असं मी कणकवली-कुडाळकडे सहज ऐकतो, आणि दुसऱ्या भागाबद्दल "पयल्यासारखो नाय" एवढी दोन शब्दांची समीक्षा पुरते. व्हिडिओखाली जी चर्चा चालते, तिला गजाली, म्हणजे निवांत गप्पा, हा शब्द अगदी नेमका बसतो, कारण गजालीत निर्णय लागायचं बंधन नसतं.

पण बाईंनी विचारलेल्या गोष्टीला मी सुचवीन तो शब्द गाऱ्हाणं.

प्रमाण मराठीत गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, आणि ते आपण मांडतो किंवा सांगतो. मालवणी मुलखात गाऱ्हाणं 'घालतात', आणि ते देवाला. "बा देवा म्हाराजा..." अशी हाक, मग जे काय असेल ते, आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेल्यांचं "होय म्हाराजा". यात मागणं असतं, चुकल्यामाकल्याची कबुली असते, आणि वेळ आली तर देवाला त्याच्या जबाबदारीची आठवणही असते: आम्ही आमचं केलं, आता तू तुझं कर. सूर कधी कधी चांगलाच चढतो. पण देवळात जाऊन हे बोलणारा देव मोडीत काढायला आलेला नसतो. ज्याचा देवावर भरवसा नाही तो गाऱ्हाणं घालायला येणारच कशाला?

दुसऱ्या भागानं निराश झालेल्या चाहत्याचा कडक रिव्ह्यू मला पुष्कळदा या जातीचा वाटतो. ज्याला पहिला भाग आवडलाच नव्हता, तो दुसऱ्यावर दीड तास घालवणार नाही. दीड तास बोलतो तो ज्यानं पहिला पाच-सहा वेळा पाहिलाय, आणि खालचे प्रेक्षक ज्या तऱ्हेनं एकामागून एक "अगदी खरं" लिहीत जातात, ते "होय म्हाराजा"च. म्हणजे वाभाडे आणि गाऱ्हाणं यांतला फरक शब्द किती तिखट आहेत यावर ठरत नाही. बोलणाऱ्याचा त्या गोष्टीवर काही हक्क आहे का, आणि पुढचं काही चांगलं व्हावं असं त्याला वाटतं का, यावर ठरतो. हे बोलण्यात ऐकू येतं. पहिल्या भागाचा उल्लेख तो कसा करतो, त्यावर कान ठेवावा.

सगळे तसे नसतात हेही खरं. पिसं काढायला गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर, न बघितलेल्या सिनेमाचीही काढणारे निघाले. त्यांच्यासाठी मराठीत 'टवाळी' आहे, ती पुरेशी आहे.

राहिला सीक्वेल. काही जण 'उत्तरार्ध' सुचवतात. मला तो पटत नाही. उत्तरार्धाला पूर्वार्ध लागतो, आणि दोन्ही मिळून एक वस्तू होते. सीक्वेलचा पहिला भाग मात्र आपल्या जागी पूर्ण असतो, म्हणून तर दुसऱ्याची गरज काय होती असा प्रश्न पडतो. 'उत्तरकथा' चांगला, पण तोंडी रुळलेला नाही. मराठी सिनेमांनीच हा प्रश्न आकड्यावर सोडवला: 'झपाटलेला 2' 2013 साली, 'टाइमपास 2' 2015 साली. बोलताना मी 'पुढचा भाग' म्हणतो. लिहिताना 'सीक्वेल' चालवून घेतो, पण स ला दीर्घ ई देऊन.

आणि ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. आठव्या शतकात संस्कृत नाटककार भवभूतीनं 'महावीरचरित' लिहिलं आणि मग रामाचीच पुढची कथा घेऊन 'उत्तररामचरित'. तो विदर्भातल्या पद्मपूरचा, म्हणजे आपलाच. नावातला 'उत्तर' म्हणजे पुढचं. त्याचा हा पुढचा भाग पहिल्याच्या वरताण मानला गेला, हा अपवाद. पण नावं ठेवणारे त्यालाही होतेच. 'मालतीमाधव'च्या प्रस्तावनेत तो त्यांना सुनावतो की हा खटाटोप तुमच्यासाठी नाहीच, माझ्या जातकुळीचा कुणीतरी कधीतरी जन्माला येईल: "कालो ह्ययं निरवधिर्विपुला च पृथ्वी." काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे. कठोर रिव्ह्यूला कलावंतानं दिलेलं याहून ऐटबाज उत्तर मला माहीत नाही. उलट रामायणातलं उत्तरकांड बहुतेक अभ्यासक नंतरची भर मानतात, आणि ते मूळ कथेत धरायचं की नाही यावर अजून वाद चालतात. तिथे चाहते कोण नि समीक्षक कोण, मी बोलायला जात नाही.

तेव्हा बाई, घरात असं सांगा: व्हिडिओत प्रसंग दाखवून, कारण देऊन बोललं असेल तर समीक्षा, किंवा ठसक्यात चिरफाड. पहिल्या भागाच्या मायेपोटी बोललं असेल तर गाऱ्हाणं. आणि मुलाला 'वाभाडे'च म्हणायचं असेल तर म्हणू द्या, पण मग कोणते वाभाडे खोटे आहेत ते त्यानं एकेक करून दाखवावं. आतेभाऊ मुंबईला परत जायच्या आत.